जुने पिस्तूल

अशा स्मरणिकेत काय वाचावयास मिळते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. सणवारांच्या आठवणी असतात, एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र असते, परदेशी वाढणाऱ्या मुलांना मराठी कसे शिकवावे याची चिंता असते, आणि या सर्वांचा खर्च भागविणाऱ्या जाहिराती असतात. पहिल्या तिन्ही विषयांवर माझे लिहून झाले आहे. यंदा मला एका पिस्तुलाविषयी लिहावयाचे आहे. वाचकांनी दचकू नये. दहा मीटरांवर टांगलेल्या कागदास भोक पाडणे, एवढेच या पिस्तुलाचे काम. त्यात दारू नाही, काडतूस नाही. स्प्रिंगने दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलीमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. ते जर्मनीतील नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी, फाइनवेर्कबाऊ नावाच्या कारखान्यात तयार झाले. ज्यांच्याकडून आम्ही ते घेतले त्यांच्याजवळील पावतीवर १९७९ साल आहे. म्हणजे ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे.

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, १९७८ साली गडहिंग्लजहून जुबैलला आले. जुबैल त्या वेळी समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव होते आणि त्याच्या कुशीत नवी औद्योगिक नगरी उभी राहत होती. आप्पा फिटर होते. माझा जन्म अल-खोबरचा, शिक्षण दम्मामच्या भारतीय शाळेतले, आणि गेली वीस वर्षे मी तशाच एका शाळेत गणित शिकविते. मराठी मला आईने शिकविले, तेही तिने गावाहून आणलेल्या जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांतून. त्यामुळे माझी भाषा माझ्या वयाच्या मानाने म्हातारी आहे असे माझी कन्या म्हणते.

या कन्येमुळेच पिस्तूल आमच्या घरात आले. घरात म्हणजे दम्मामच्या घरात नव्हे. इकाम्यावर राहणाऱ्या माणसाने येथे पिस्तूल बाळगावे हा विचारही आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नाही. ते कोल्हापुरात आप्पांच्या कपाटात असते, आणि कन्याही आता तेथेच असते.

तिच्या जाण्यामागचा हिशेब सांगितल्यावाचून पिस्तुलाचा हिशेब कळणार नाही. २०१७ च्या जुलैपासून येथे परकीय कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी कर बसला: आरंभी महिना शंभर रियाल, पुढे दरवर्षी शंभरांनी वाढत २०२० पासून चारशे. त्या तीनचार वर्षांत माझ्या वर्गांतील बाके कशी रिकामी होत गेली ते मी पाहिले आहे. हजेरी घेताना नावे गाळावी लागत. मुले मे महिन्यात ‘येते टीचर’ म्हणून जात आणि सप्टेंबरात येत नसत. आम्ही टिकून राहिलो. परंतु २०२२ साली कन्येची दहावी झाली तेव्हा तिने कोल्हापुरास आजीआजोबांजवळ राहून पुढे शिकावे असे ठरले. कारणे अनेक होती. कराचे कारण सर्वांत लहान होते, तथापि ते होते. ती गेल्यावर वर्षाकाठी ४,८०० रियाल भरावे लागेनासे झाले. बँकेच्या खात्यावर ती शिल्लक दिसू लागली तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना. मुलगी घरात नसल्याबद्दल मिळालेले ते पैसे होते. त्यांतून कपाट घ्यावे, सोने घ्यावे, की नुसते राहू द्यावे, काहीच सुचेना. अखेर त्यांचे पिस्तूल झाले.

तिला नेमबाजीची गोडी लागली ती २०१८ च्या ऑगस्टात. आम्ही रजेवर कोल्हापुरास होतो आणि जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळविणारी ही पहिली भारतीय स्त्री, आणि ती कोल्हापूरची! त्या गावाने याआधी २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत यांना रायफलीत जगज्जेती झालेले पाहिले होते, आणि पुढे २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून कांस्यपदक आणले. आमच्या बारा वर्षांच्या मुलीस त्या दिवशी एवढेच दिसले की, पिस्तूल धरणारी बाई आपल्या आजोळच्या गावची आहे. मी शाळेत होते तेव्हा आम्हां मुलींचा खेळ म्हणजे उंच भिंतीआडचा थ्रोबॉल. सौदी अरेबियाच्या ऑलिंपिक पथकात स्त्रिया प्रथम दिसल्या त्या २०१२ साली, दोनच. सरकारी शाळांतील मुलींना शारीरिक शिक्षण मिळू लागले २०१७ पासून. बदल झाला आहे, आणि मी तो आनंदाने पाहते आहे. पण माझ्या मुलीचे कोल्हापूर मला येथे आणता येत नव्हते.

पहिले वर्षभर ती क्लबच्या पिस्तुलावर शिकली. एक पिस्तूल, चार मुले. त्यातही आणखी एक अडचण होती: आमची कन्या डावखुरी आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ ही साधी मूठ नसते. ती तळहाताच्या उंचसखल भागांप्रमाणे कोरलेली असते; अंगठ्यास वेगळा कट्टा, बोटांस खाचा, तळहाताखाली वरखाली सरकणारी फळी. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरणे म्हणजे दुसऱ्याची चप्पल उलट्या पायात घालणे. डाव्या हाताला आमच्या घरात कधी मान नव्हता. जेवताना, देताघेताना तो मागे ठेवावा असे मला आईने शिकविले, आणि येथील अरब शेजारणीही आपल्या मुलांना तेच शिकविताना मी पाहिल्या. या एका बाबतीत दोन्ही संस्कृतींचे पूर्ण एकमत आहे! कन्येला मी कारोली टाकाच यांची हकीकत सांगितली होती. हंगेरीच्या या सैनिकाचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून शिकावयास आरंभ केला आणि १९४८ ला लंडनमध्ये व १९५२ ला हेलसिंकीत रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. त्यावर ती म्हणाली, “आई, त्यांची मूठ तरी डावी होती.”

२०२३ च्या उन्हाळी रजेत आम्ही पिस्तूल घेण्याचे ठरविले. नव्या, दाबून भरलेल्या हवेच्या पिस्तुलाची किंमत दीडदोन लाखांच्या घरात जाते. मग एक वापरलेले, परंतु नव्या पद्धतीचे पिस्तूल समोर आले. दिसावयास देखणे, ऐंशी हजार. त्याच्या नळीखाली हवेची एक नळकांडी असते. तीत हवा सुमारे दोनशे बार दाबाने भरतात. या नळकांडीवर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनंतर ती स्पर्धेत चालत नाही. ती मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूची. त्या पिस्तुलाच्या नळकांडीची मुदत आदल्या वर्षीच संपली होती. नवी परदेशाहून मागवावी लागणार, ती केव्हा येईल ते कोणी सांगावे! विकणाऱ्याने तारखेचा भाग चिकटपट्टीने झाकला होता. आप्पांनी पट्टी सोलली, तारीख वाचली, पट्टी पुन्हा होती तशी लावली आणि “चला” म्हणाले.

पुढे कोणा ओळखीच्यांकडून सांगलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचे नाव कळले. तेही डावखुरे असते तर गोष्ट फार सोपी झाली असती; पण ते उजवे होते. सत्तरी ओलांडलेली, हातास कंप. ऐंशीच्या दशकात ते मुंबईत नोकरीस असताना वरळीच्या रेंजवर जात आणि मावळंकर स्पर्धेतही एकदोनदा उतरले होते. ही स्पर्धा दादासाहेब मावळंकरांच्या नावाची. लोकसभेचे हे पहिले सभापती १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते. सांगलीच्या काकांनी पेटी उघडली. आत पिस्तूल, आणि त्याखाली भोके पडलेली पिवळट टार्गेटे, प्रत्येकावर तारीख.

हे पिस्तूल फाइनवेर्कबाऊचे ६५ क्रमांकाचे. १९६५ साली ते बाजारात आले आणि पुढे तीसपस्तीस वर्षे निघत राहिले. त्याची युक्ती सांगण्याचा मोह मला शिक्षिकेस आवरत नाही. स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे धावला की न्यूटनच्या नियमाप्रमाणे पिस्तुलास मागे धक्का बसणार, आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच हात हलणार. ओबर्नडॉर्फच्या कारागिरांनी नळी व तिच्यामागची सारी यंत्रणा दोन रुळांवर बसविली. चाप ओढताच ती यंत्रणा मुठीच्या वर अलगद मागे सरकते. धक्का रुळांवर जिरतो आणि हात जागच्या जागी राहतो. बाजूची तरफ ओढून पुन्हा स्प्रिंग दाबली की यंत्रणा आपल्या ठिकाणी येते. दहा मीटर हवाई पिस्तुलाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७० पासून आहे आणि ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९८८ ला सोलमध्ये आला. मधल्या त्या काळात या पिस्तुलाचा फार बोलबाला होता.

आप्पांनी खिशातून आपला व्हर्निअर कॅलिपर काढला. हा त्यांचा जुबैलचा सोबती. प्रथम त्यांनी नळीचे तोंड भिंगाखाली पाहिले. तेथे एखादा ओरखडा असेल तर छर्रा सुटताना एका बाजूस ढकलला जातो, आणि एवढ्या जुन्या पिस्तुलास नवी नळी मिळावयाची नाही. तोंड स्वच्छ होते. मग यंत्रणा रुळांवर पुढेमागे सरकवून, डावीउजवीकडे हलवून पाहिली. खेळ जवळजवळ नव्हता. मग त्यांनी काकांच्या स्वयंपाकघरातून अर्ध्या किलोचे वजन मागविले, दोऱ्याने चापास बांधले आणि नळी उभी धरून वजन उचलले. स्पर्धेत पंच हीच परीक्षा घेतात: चापाने ५०० ग्रॅम पेलले पाहिजेत, त्याआधी सुटता कामा नये. वाण्याचे माप जमिनीवरून उचलले गेले आणि चाप सुटला नाही. शेवटी अंगणात दहा मीटर मोजून, वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून त्यांनी पाच छर्रे सोडले. पाचांचे मिळून एकच फाटके भोक पडले, करंगळीच्या नखाएवढे. टार्गेटावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलीमीटर असतो. ते भोक त्यात सहज मावले.

“आवाज घोगरा आहे,” आप्पा म्हणाले. “स्प्रिंग दमलीय. आतलं सील पण भुगा झालंय.” काकांनी मान डोलावली. “मला ठाऊक आहे. चार वर्षांत मी ते हातात घेतलेलं नाही.”

माझ्या मते जुने पिस्तूल घेताना सारा विवेक येथेच लागतो. झिजलेले काय आहे याची यादी फार मोठी असू शकते, आणि ती पाहून घाबरणारा ग्राहक नेमकी चांगली वस्तू सोडून जातो. स्प्रिंग ही झिजावयाचीच वस्तू. सील तर पोस्टाने येते, न आले तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून मिळते. त्या गावात इंजिनांचे भाग ओतणारे आणि कातणारे हात गल्लोगल्ली आहेत. नळी, रूळ आणि चाप ही तीन अंगे मात्र निरोगी हवीत, ती होती. प्रशिक्षकांचे मत निराळे होते आणि ते खोटे नव्हते. आज वरच्या पायरीवरील सर्व खेळाडू दाबलेल्या हवेची पिस्तुले वापरतात. स्प्रिंगच्या पिस्तुलात चाप ओढल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत क्षणाचा अंश अधिक जातो आणि तेवढा वेळ हात अधिक स्थिर ठेवावा लागतो. मी म्हणाले, शिकणाऱ्यास ते बरेच आहे. नवेपणाची हमी तरी कोठे असते? २०२१ साली टोकियोत मनू भाकर यांचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला त्यांनी दोन पदके घेतली तो भाग वेगळा.

काकांनी किंमत साठ हजार सांगितली होती. आप्पा काही बोलण्यापूर्वी ते कन्येस म्हणाले, “धर बघू.” तिने डाव्या हातात धरले, उजव्या मुठीच्या कट्ट्यावर तिचा तळवा अवघडून बसला. पिस्तुलाचे वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि हात खांद्यापासून सरळ. घड्याळाकडे पाहत ते थांबले. मिनिट झाले, दीड मिनिट झाले. त्यांचा स्वतःचा हात मांडीवर थरथरत होता आणि ते तिच्या मनगटाकडे पाहत होते. मग म्हणाले, “पंचेचाळीस द्या. विकायचं झालं तर आधी मला कळवा.”

कायद्याचे पाहता अडचण नव्हती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलीमीटरपर्यंतच्या आणि वीस जूलपर्यंत शक्ती असलेल्या हवाई शस्त्रास भारतात परवाना लागत नाही. आमचे पिस्तूल त्या शक्तीच्या निम्म्यालाही पोचत नाही. तरी आप्पांनी दोन प्रतींत विक्रीपत्र लिहून घेतले आणि क्रमांक तीनदा ताडून पाहिला.

राहिली मूठ. कारखान्याची डावी मूठ एवढ्या जुन्या पिस्तुलास मिळेना. तेव्हा काकांनीच सुचविले: मिरजेस जा. मिरज सांगलीस लागूनच. तेथील सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ती वाद्ये करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणाऱ्यांची. राज्ये गेली, शस्त्रांचे काम आटले, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच हातांनी तंबोरे घडविण्यास आरंभ केला. आम्ही ज्या कारागिरांकडे गेलो त्यांनी पिस्तूल उलटसुलट करून पाहिले आणि हसून म्हणाले, “पणजोबांचं काम परत आलं म्हणायचं.” त्यांनी कन्येच्या हातास ओला शाडू लावून ठसा घेतला. शिसवीच्या ठोकळ्यातून आठ दिवसांत मूठ उभी राहिली; मग चार वेळा घासली. प्रत्येक वेळी तिने डोळे मिटून पिस्तूल उचलावयाचे, डोळे उघडावयाचे आणि माशी मागच्या खाचेत मधोमध दिसते का ते पाहावयाचे. दिसत नसेल तर मूठ चुकलेली. कारागीर कानाने तार लावतात तसे तिच्या चेहऱ्याकडे पाहून पटाशी लावीत होते. माझी रजा संपण्यास तीन दिवस उरले होते तेव्हा माशी मधोमध आली.

सारा खर्च, स्प्रिंग, सील, मूठ आणि छर्ऱ्यांचे डबे धरून, साठ हजारांच्या आत राहिला. ४,८०० रियालांचे त्या वेळी लाखाच्या वर रुपये होत. उरलेल्यांतून तिचा स्पर्धांचा प्रवास चालतो. पैशांचा विषय निघाला की आप्पा मला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतात: १९५२ साली हेलसिंकीस जाण्याकरिता राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोष्ट सांगून झाल्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की, शिक्षकाच्या जातीस हे शोभतेच!

त्या वर्षीची खंडेनवमी मी दम्मामहून फोनच्या पडद्यावर पाहिली. जुबैलच्या दिवसांत आप्पा या दिवशी पाटावर आपला कॅलिपर आणि मायक्रोमीटर मांडीत. आई शेजारी आमची पाठ्यपुस्तके ठेवी. घरात दुसरे शस्त्र ते कोणते असणार! यंदा कॅलिपरच्या शेजारी पिस्तूल होते, नळी भिंतीकडे, खाली काकांची एकदोन पिवळी टार्गेटे. आईने हळदकुंकू वाहताना विचारले की, लोखंडावर वाहू की लाकडावर. कन्या घाईने म्हणाली, “लाकडावर नको आजी, चिकट होईल.” मग नळीवर अक्षता पडल्या, आणि रात्री तिने तेलाच्या फडक्याने नळी पुसली हेही मी पाहिले.

ती रोज संध्याकाळी अर्धा तास पांढऱ्या भिंतीसमोर नुसते पिस्तूल उचलून धरते, छर्रा न घालता. तेव्हा कधीकधी मला फोन लावून टेबलावर ठेवते आणि बोलत नाही. येथे दिवस अजून उतरलेला नसतो. मी वह्या तपासत असते. तरफ ओढल्याचा आवाज ऐकू येतो, मग बराच वेळ काही नाही. स्त्रियांच्या स्पर्धेत २०१८ पासून चाळीसऐवजी साठ छर्रे असतात, आणि साठाव्या छर्ऱ्यापर्यंत हात टिकण्यासाठी हाच अभ्यास. मागील महिन्यात तिने सहाशेपैकी ५४२ केले. सांगलीच्या काकांस तिने त्या टार्गेटाचे छायाचित्र पाठविले; त्यांनी उलट विचारले की, शेवटच्या दहांत डावीकडे का गेले.

त्याचे कारण तिला सापडले आहे. दोन वर्षांत तिचा हात थोडा भरला आहे आणि अंगठ्याकडची बाजू दाबते. जुलैत मी गेले की आम्हांस पुन्हा मिरजेस जावयाचे आहे. शिसवी अर्धा मिलीमीटर उतरवावी लागेल.